नाणी काढणारी यंत्रे आणि मालाडचे वीजबिल

गेल्या काही दिवसांपासून मालाडच्या बाजारात एक नवी चौकशी ऐकू येते. नटराज मार्केटकडचे दुकानदार असोत, मालवणीतले जरीकाम करणारे कारीगर असोत किंवा कुरारचे शिलाई कारखानदार असोत, कुणी ना कुणी विचारतो की, बिटकॉइन काढण्याची मशीन घ्यावी काय, आणि घ्यायची तर कोणती? मशीन विकणारे दलालही फिरू लागले आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये मशीनचे फोटो असतात, वेगाचे आकडे असतात, एका कंपनीची दुसऱ्या कंपनीशी तुलना असते. नसते ते एकच, मालाडचे वीजबिल.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. संगणकाचे शास्त्र आम्ही शिकलो नाही आणि आमचे शिक्षणही उर्दू माध्यमातले. परंतु माग घेताना माग कसा तपासावा, हे या धंद्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. तोच हिशेब या मशीनला लावून पाहावा असे आमच्या मनात आले. हे चलन शरियतच्या दृष्टीने कसे, त्याबद्दल उलमांनी बोलावे. तो आमचा अधिकार नाही. येथे फक्त नफ्या-तोट्याची वही उघडली आहे.

प्रथम ही मशीन करते काय ते समजून घेऊ. मायनिंग म्हणजे खाणकाम असे म्हणतात, पण येथे खाण नाही की कुदळ नाही. दर दहा मिनिटांनी जगात एक सोडत निघते असे समजा. त्या सोडतीचा आकडा कुणालाच ठाऊक नसतो. मशीन नुसते अंदाज करीत सुटते. ज्याचा अंदाज प्रथम जमला त्याला बक्षीस. हे बक्षीस आज ३.१२५ बिटकॉइन आहे. दिवसात अशा १४४ सोडती, म्हणजे दिवसाला ४५० नाणी. साऱ्या जगात मिळून ४५०. मशीनचा वेग टेराहॅशमध्ये मोजतात. एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी अंदाज. आकडा ऐकून माणूस दबून जातो आणि दलालाचे अर्धे काम तेथेच होते.

आता कापडवाल्याच्या भाषेत सांगतो. साधा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिक टाकतो, रेपियर चारशे-पाचशे, एअरजेट आठशेच्याही वर जातो. शेजाऱ्याने एअरजेट लावला तर त्याचे कापड वाढेल, भाव थोडा पडेल, पण तुमच्या मागावर संध्याकाळपर्यंत जेवढे मीटर निघायचे तेवढे निघणारच. या मशीनचा कायदा उलटा आहे. जगभर कितीही मशीन लागोत, दिवसाचे ताके ४५० च. नव्या मशीन आल्या, सोडतीची उत्तरे लवकर निघू लागली, की साधारण दर दोन आठवड्यांनी सोडत आपोआप अवघड होते आणि हिशेब पुन्हा दहा मिनिटांवर येतो. म्हणजे परमुलखात कुणी हजार मशीन लावल्या, तर सोडत अवघड होताच तुमच्या गाळ्यातली मशीन तेवढीच वीज खाऊन कमी नाणी देऊ लागते. असा माग आमच्या पाहण्यात नाही.

शिवाय हे ४५० ताकेही कायमचे नाहीत. दर चार वर्षांच्या सुमारास बक्षीस निम्मे होते. आरंभी ते ५० नाणी होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये २५ झाले, जुलै २०१६ मध्ये साडेबारा, मे २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५. पुढची काटछाट २०२८ मध्ये आहे. आज मशीन घेणाऱ्याने ही तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

मशीनच्या पिढ्यांकडे येऊ. २००९ मध्ये हे काम घरचा संगणक करीत असे. पुढे मुले ज्यावर खेळ खेळतात ती ग्राफिक्स कार्डे या कामी आली. २०१३ च्या सुरुवातीस ॲव्हलॉन नावाची मशीन आली, जिच्यातली चिप याच एका कामासाठी बनवलेली होती. अशा चिपला एसिक म्हणतात. तेव्हापासून बिटकॉइनपुरते ग्राफिक्स कार्ड निकामी झाले. दुसऱ्या एका नाण्यासाठी, इथेरियमसाठी, ही कार्डे चालत राहिली. पण १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच बंद केली आणि जगभर कार्डांचे ढीग जुन्या बाजारात आले. तरी कार्डाला दुसरा उपयोग आहे. कापडाची डिझाइन काढणारा, व्हिडिओ करणारा ते विकत घेतो. एसिकला दुसरा उपयोग नाही. बिटकॉइनची मशीन लाइटकॉइनसुद्धा काढू शकत नाही.

येथेच आमच्या वाचकांनी सावध व्हावे. मुंबईच्या गिरण्या बसल्यानंतर तेथले जुने माग भिवंडीत गेले आणि त्यांवर कित्येक कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्यांची रोजी चालली. 'जुनी मशीन स्वस्तात घ्या, चालवा' ही अक्कल आपल्याला त्या अनुभवातून आली. ही अक्कल येथे लावली तर घात होतो.

हिशेब मांडून दाखवतो. विजेचा दर युनिटला दहा रुपये धरू. मालाडमध्ये अदानीची वीज आहे (जुनी मंडळी अजून बीएसईएसच म्हणतात), काहींकडे टाटाची आहे. दुकानाच्या जोडणीला सगळे आकार मिळून येणारा दर प्रत्येकाने आपल्या बिलावरून काढावा. नाण्याचा भाव ८० लाख रुपये धरू. आपण हे वाचाल त्या दिवशी तो कमी-अधिक असेल, त्या प्रमाणात आकडे बदलून घ्यावेत. जगातील सर्व मशीनचा एकत्रित वेग २०२५ मध्ये १००० एक्झाहॅशच्या घरात पोचला. एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेरा, तेव्हा एकूण १०० कोटी टेरा. मशीनची किंमत, आयात शुल्क, गाळ्याचे भाडे यांतले काहीही धरत नाही. मशीन फुकट मिळाली असे समजा.

बिटमेन या चिनी कंपनीची ॲन्टमायनर एस-९ ही २०१६ ची मशीन. वेग साडेतेरा टेरा, वीज सुमारे १३५० वॅट. दिवसाला ३२ युनिटांहून थोडी जास्त वीज, म्हणजे ३२४ रुपये. दिवसाची कमाई ४९ रुपये. ही मशीन अजून 'स्टार्टर' म्हणून विकायला काढणारे आहेत. ती बाजारात आली तेव्हा जगाचा एकूण वेग सुमारे दीड एक्झाहॅश होता. मशीन तीच, वेग तोच, वीज तेवढीच. बाकीचे जग सहाशे-सातशे पटींनी पुढे गेले.

२०२० ची एस-१९ प्रो. ११० टेरा, ३२५० वॅट. दिवसाची वीज ७८० रुपये, कमाई ३९६. त्याच काळातली मायक्रोबीटी कंपनीची व्हॉट्समायनर एम-३० एस प्लस प्लस ११२ टेरा देते आणि ३४७२ वॅट खाते. वीज ८३३, कमाई ४०३. या दोहोंत कोणती चांगली यावर दलाल अर्धा तास बोलू शकतो. आमच्या मते एक दिवसाला ३८४ रुपये बुडवते, दुसरी ४३०. चांगली पहिली.

पुढची पिढी एस-२१. २०० टेरा, ३५०० वॅट, २०२४ च्या आरंभी हाती आली. वीज ८४० रुपये, कमाई ७२०. तिच्या तोडीची व्हॉट्समायनर एम-६० एस १८६ टेरा, ३४४१ वॅट. वीज ८२६, कमाई ६७०. एस-२१ प्रो २३४ टेराची, ३५१० वॅटची. हिची वीज आणि कमाई योगायोगाने अगदी सारखी येते, ८४२ रुपये. आणि एस-२१ एक्सपी, २७० टेरा, ३६४५ वॅट; वीज ८७५, कमाई ९७२. एवढ्या रांगेत ही पहिली मशीन जी विजेचे पैसे काढून काही उरवते. दिवसाला ९७ रुपये.

व्यवहाराच्या फीतून थोडी वरकड मिळते आणि अनेकांच्या मशीन एकत्र जोडून मिळकत वाटणारा पूलवाला आपली दलाली कापतो. दोन्ही लहान रकमा आहेत म्हणून सोडून दिल्या. आमचे सांगणे असे की, टेरा किती हे विचारूच नये. एक युनिट वीज घातली तर मशीन किती रुपये परत देते ते विचारावे. वरच्याच भावाने एस-९ दीड रुपया देते, एस-१९ प्रो पाच रुपये, एस-२१ साडेआठ, एस-२१ एक्सपी अकरा. हा आकडा आपल्या बिलातल्या दराशेजारी ठेवला की तुलना संपली. लहान नाण्यांच्या मशीनचाही हाच न्याय. लाइटकॉइनची एल-७ साडेनऊ गिगाहॅशची आहे. गिगा आणि टेरा, एक नाणे आणि दुसरे नाणे यांची वेगाने तुलना करणे म्हणजे रेशमाचे मीटर आणि चिंधीचे किलो एकाच पावतीत लिहिणे.

हल्ली तळहातावर मावणारी एक खेळण्यासारखी मशीनही विकली जाते. सव्वा टेराच्या आसपास वेग, सतरा-अठरा वॅट वीज. ती शेल्फावर ठेवून एकट्याने सोडत लागण्याची वाट पाहिली, तर जगाचा आजचा वेग कायम राहील असे धरून, सरासरी पंधरा हजारांहून अधिक वर्षांत एकदा बक्षीस लागेल. मुलांना शिकण्यासाठी ठीक आहे. मोबाइलवर बोट दाबून 'मायनिंग' होते असे सांगणाऱ्यांबद्दल मात्र लिहिण्याची गरज नाही, कारण ते मायनिंगच नाही.

आता कर. वर एस-२१ एक्सपीचे ९७ रुपये उरले होते. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, वर चार टक्के उपकर. हा कर कापडाच्या नफ्यावरच्या करासारखा नाही. कापडात आम्ही सूत, मजुरी, वीज, भाडे वजा करतो आणि उरलेल्यावर कर देतो. येथे नाण्याच्या खरेदी किमतीशिवाय काहीच वजा होत नाही, आणि मशीनने काढलेले नाणे तर कुणाकडून खरेदी केलेलेच नसते. मायनिंगसाठी लागलेल्या साधनसामग्रीचा खर्च खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, असे अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. थोडक्यात, वीज कंपनीला दिलेले पैसे आयकराच्या वहीत दिसणारच नाहीत. या धंद्यातला तोटा कापडाच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही. विक्रीच्या वेळी एक टक्का टीडीएस कापला जातो, तो जुलै २०२२ पासून.

एस-२१ एक्सपीची महिन्याची वही अशी होते. नाणी २९ हजार १६० रुपयांची. वीज २६ हजार २४४. उरले २ हजार ९१६. कर मात्र २९ हजारांवर, म्हणजे ९ हजार ९८. खिशातून ६ हजार १८२ रुपये घालायचे, आणि ही मशीन फुकट मिळाली असे धरून. ज्यांचा हिशेबनीस वेगळे सांगतो त्यांनी त्याच्याकडून लेखी घ्यावे.

यावर आमच्या ओळखीतल्या एका तरुणाने उत्तर दिले, "चाचा, लोक नाणे विकतच नाहीत, ठेवून देतात. भाव वाढला की विकतात." आम्ही त्याला म्हटले, "बेटा, मग २६ हजारांची वीज जाळून २९ हजारांचे नाणे घेण्यापेक्षा सरळ बाजारातून नाणे घे. ती खरेदी किंमत तरी करातून वजा होईल. भाव वाढण्याची आशा दोन्हीकडे सारखीच आहे." तो हुशार मुलगा आहे, हिशेब त्याच्या लगेच ध्यानात आला. नाणे घ्यावे असा आमचा सल्ला आहे असे कुणी समजू नये. मशीनचा धंदा आणि भावाचा सट्टा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दलाल पहिल्याच्या नावाने दुसरी विकतो, एवढेच दाखवायचे आहे.

वहीतून उठून गाळ्यात या. साडेतीन किलोवॅट म्हणजे चार इस्त्र्या एकाच वेळी, रात्रंदिवस, ईदच्या दिवशीही चालू. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मशीनचे कागद सांगतात की आत येणारी हवा ४० अंशांच्या आत हवी. पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर मे महिन्यात किती तापमान असते ते मालवणीच्या कारीगराला विचारा. आवाज ७५ डेसिबलच्या आसपास, आणि भिंतीपलीकडे कुणाचे तरी घर. मशीन साधारण पंधरा अँपिअर ओढते. आपल्या सोळा अँपिअरच्या प्लगवर ती चालेल, पण चोवीस तास काठोकाठ भरलेल्या प्लगचे काय होते ते इलेक्ट्रिशियन सांगेल. स्वतंत्र लाइन हवी, मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. त्यात मार्वे-मालवणीकडची खारी हवा पत्र्याला गंज चढवते आणि शिलाई कारखान्यातली रुई पंख्यात जाऊन बसते. कापडाच्या ठाणांशेजारी अशी भट्टी ठेवणारा माणूस विम्याची अटही एकदा वाचून पाहील काय?

मग काही जण भिवंडीची वाट दाखवतात. "तिथे नातेवाइकांचे माग आहेत, यंत्रमागाला विजेत सवलत आहे, चार मशीन कोपऱ्यात लावू." हा विचार बोलून दाखवणारे आम्हाला एकापेक्षा जास्त भेटले, म्हणून स्पष्ट लिहितो. सवलत मागासाठी दिलेली आहे. ज्या कामासाठी जोडणी घेतली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरणे हा विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. मीटरला बगल देणारा तर कलम १३५ खाली चोरीत जातो, तेथे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. २०२१ मध्ये मलेशियात मिरी शहराच्या पोलिसांनी चोरीच्या विजेवर चालणाऱ्या १ हजार ६९ मशीन एका मैदानात मांडून त्यांवर रोडरोलर फिरवला. भिवंडीत एखाद्या गाळ्यात छापा पडला तर बदनामी त्या चार मशीनची होणार नाही, साऱ्या माग-मालकांची होईल, आणि सवलत चालू ठेवण्यासाठी मंत्रालयात खेटे घालणाऱ्यांच्या हातात काय राहील?

छपरावर सौर पट्टे लावले तर वीज फुकट, हे दुसरे उत्तर. पट्ट्यांतून निघालेले युनिट तुमच्याच दुकानाच्या बिलातले दहा रुपये वाचवते. ते युनिट एस-२१ मध्ये घालून साडेआठ रुपये घेण्यात शहाणपण कोणते? आणि सूर्य मावळल्यावर मशीन काय करणार?

हा धंदा जगात कुणालाच परवडत नाही असे मात्र आम्ही म्हणत नाही. शेजारचा भूतान पाहा. डोंगरातल्या पाण्यावर वीज होते, पावसाळ्यात ती उरते, गिऱ्हाईक मिळत नाही. तेथील सरकारच्या ड्रुक होल्डिंग या कंपनीने त्या विजेवर मशीन चालवल्या आणि तिच्याकडे १२ हजारांहून अधिक बिटकॉइन जमल्याचे २०२४ मध्ये जगाला कळले. ज्याच्याकडे वीज उरते आणि विकली जात नाही, त्याचा हा धंदा आहे. तशांचीही शाश्वती नाही. २०२१ मध्ये चीनने मायनिंग बंद केले आणि एका हंगामात लाखो मशीन उचलून परदेशी न्याव्या लागल्या. त्याच वर्षी इराणमध्ये शहरांची वीज जाऊ लागली तेव्हा सरकारने चार महिने बंदी घातली. आपल्याला टेरा मोजत बसायचे असेल तर स्पर्धा कुणाशी आहे हे ध्यानात असावे. मालाडचा गाळा आणि हिमालयातली नदी.

हे सारे पाहिल्यावर माणूस म्हणतो, बरे, मशीन येथे नको. जेथे वीज स्वस्त आहे तेथे कुणी आमच्या नावाने चालवत असेल तर? या प्रश्नापाशी महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत मोजली आहे. पुण्यात गाजलेले गेनबिटकॉइन प्रकरण अनेकांना आठवत असेल. अमित भारद्वाज हा त्याचा सूत्रधार म्हणून पुढे आला. 'तुमची नाणी आम्हाला द्या, आम्ही मोठमोठ्या मशीन चालवतो, दरमहा १० टक्के याप्रमाणे १८ महिने परत करू,' असा वायदा. एका नाण्याची १.८ नाणी. ज्याने माणसे आणली त्याला वर दलाली. २०१७ मध्ये देणी थकली, तेव्हा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे स्वतःचेच काढलेले टोकन लोकांच्या हातावर ठेवले गेले. त्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. पुढे सर्वोच्च न्यायालयातून जामीन झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. लोकांकडून घेतलेल्या नाण्यांची किंमत २०१७ च्या भावाने सुमारे ६ हजार ६०० कोटी रुपये होते, असे अंमलबजावणी संचालनालयाचे म्हणणे आहे. तपास पुढे सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर साठाहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, पुणे पोलिसांनी तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच नाणी वळवल्याच्या आरोपावरून अटक केली. गेलेला माल परत मिळवणे किती कठीण, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

आम्हाला या प्रकरणात एका गोष्टीचे नवल वाटते. ९ जुलै २०१६ रोजी, म्हणजे योजना जोरात असताना, जगाचे बक्षीस २५ वरून साडेबारा नाण्यांवर आले. एका रात्रीत साऱ्या जगाचे उत्पादन निम्मे झाले. ज्याच्याकडे खरोखर मशीन चालू होत्या त्याला दुसऱ्या दिवशी हप्ता निम्म्यावर आणावा लागला असता, निदान गिऱ्हाइकाला तसे सांगावे लागले असते. वायदा मात्र १० टक्केच राहिला. तारीख गुप्त नव्हती, वर्षानुवर्षे जाहीर होती. मागाचे अर्धे सूत बंद झाले आणि कापड तेवढेच येत राहिले, तर कोणता कापडवाला विचारणार नाही की, हे येते कुठून?

दरमहा ठरलेली रक्कम देणाऱ्याबद्दल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. २०१९ मध्ये बंगळूरूच्या आय.एम.ए.मध्ये कितीतरी घरांची जमा गेली. तेथे सोन्याचे नाव होते. भागीदारीत नफा वर-खाली होतो, तोटाही येतो. मायनिंगसारख्या धंद्यात, जेथे दर दोन आठवड्यांनी मिळकत बदलते, तेथे बांधलेला आकडा सांगणारा एकतर धंदा जाणत नाही किंवा वेगळाच धंदा करतो.

तरीही कुणी 'होस्टिंग'चा करार घेऊन आला, तर कापडवाल्याने माग घेताना विचारतो तेच विचारावे. मशीनचा अनुक्रमांक काय आणि ती कोणत्या पत्त्यावर उभी आहे? तेथले वीजबिल कुणाच्या नावावर, युनिटचा दर किती, त्या बिलाची प्रत दाखवाल काय? पूलमधले खाते माझ्या नावावर असेल ना, म्हणजे मशीन किती वेगाने चालते ते मी माझ्या मोबाइलवर पाहीन? नाणी सरळ माझ्या ताब्यात येतील की आधी तुमच्याकडे? करार मोडला तर मशीन उचलून नेण्याचा खर्च कुणाचा? २०२८ ची काटछाट झाली की माझ्याकडून विजेचे पैसे कोणत्या हिशेबाने घ्याल? आमचा अनुभव असा की, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला दलालाला दुसरीकडे जायची घाई होते.

ज्या कारीगराच्या हातात तीन-चार लाख रुपये आहेत, त्याने ते संगणकीय एम्ब्रॉयडरी मशीनच्या हप्त्यात घालावेत की दुकानाच्या मालात, हे तो जाणो. त्या मशीनवर निघालेला कुर्ता भूतानच्या नदीशी स्पर्धा करीत नाही.

ज्यांनी आधीच मशीन घेतली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. एस-२१ किंवा त्यापुढची असेल तर ती चालू असतानाच, चालू दाखवून विकावी. बंद पडलेल्या मशीनला गिऱ्हाईक नसते आणि २०२८ जवळ आले की तसेही कमी होईल. एस-१९ असेल तर स्वस्त विजेच्या मुलखातला दलाल शोधावा, येथे कुणाच्या गळ्यात मारू नये. एस-९ ला आता भंगाराचाच भाव. आतल्या पाट्यांवर ॲल्युमिनियम आहे, ते किलोने जाते. पंखे मात्र वेगळे काढून घ्यावेत. १२ व्होल्टचे असतात, अडॅप्टर लावला की कारखान्यात चालतात, फक्त आवाज फार करतात.